पंधरावा दिवस

नियम घनश्याम सरांनी फळ्यावर लिहून दिला. शेवटच्या वर्षाला असलेल्या प्रत्येकानं बाहेर कुठंतरी एकशे वीस तास प्रत्यक्ष काम करायचं. रोजचे आठ तास, दिवस पंधरा. काम केल्याचा दाखला लेटरहेडवर आणायचा, सही-शिक्क्यासकट. आणि त्याखाली खडू मोडेपर्यंत जोर देऊन रेघ मारली : आईवडिलांच्या दुकानाचा दाखला चालणार नाही.

नाहिदला वाटलं, ही रेघ आपल्यासाठीच मारली आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या त्या वर्गात अठ्ठावीस जण होते, आणि जळालेली पाण्याची मोटर उघडून तिच्यात पुन्हा तार भरलेली त्यांत ती एकटी. ढाणकीला बसस्टँडच्या मागे तिचे वडील जलाल मोटर वाइंडिंग करत. सातवीत असल्यापासून ती त्यांच्यासमोर बसून तार ओढत आली होती.

"सर, मी घरी मोटर भरते," ती उठून म्हणाली.

"कोणाच्या दुकानात?"

"अब्बाच्या."

"मग फळ्यावर काय लिहिलंय, वाच बरं मोठ्यानं."

तिनं वाचलं. वर्ग हसला. शेजारच्या प्रेरणाचा दाखला तर कधीच आला होता, तिच्या मामाच्या कम्प्युटर क्लासचा. प्रेरणा तिथं एक दिवसही गेली नव्हती. पण मामाचं आडनाव वेगळं असतं, त्यामुळे नियम मोडत नाही.

जानेवारीच्या शेवटी संभाजीनगरचा एक मोटर कारखाना कॉलेजात मुलाखती घ्यायला येणार होता. सहा जागा, त्यातल्या दोन वाइंडिंग विभागात. ज्यांचे तास पुरे, त्यांचीच नावं यादीत जाणार. त्या दोनातली एक जागा नाहिदला हवी होती. फार हवी होती. कारखान्यात मोटरी कशा भरतात याचे व्हिडिओ पाहून पाहून तिनं मुलाखतीची उत्तरं आरशासमोर पाठ केली होती.

वेळ मात्र वाईट होती. गव्हाला पाणी द्यायचे दिवस. सगळ्यांच्या मोटरी एकदम चालू, त्यामुळे व्होल्टेज पडलेलं, आणि रोज कोणाची तरी मोटर जळून दुकानाच्या दारात येऊन पडलेली. त्यातच जलालच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर वाकायचं नाही, धूळ नको, बारीक काम नको. काळा चष्मा लावून ते दुकानाच्या पायरीवर बसत आणि आतल्या आवाजावरून काम कुठवर आलं ते ओळखत. काम नाहिद आणि तिची आई अकीला करत होत्या.

"नयनभाऊकडं जा," जलाल म्हणाले. "त्याचा बोर्ड मोठा हाय. शिक्काबी हाय. आपलं काम त्याच्याकडूनच येते, तो नाही म्हणणार नाही. पण माह्या डोळ्याचं बोलू नको तिथं. त्याले वाटन जलाल गेला कामातून, मोटरी दुसरीकडं पाठवन."

उमरखेडला नयनभाऊचं सर्व्हिस सेंटर होतं. काचेचं दार, बाहेर बोर्ड : कंपनीमान्य दुरुस्ती व वाइंडिंग. आत एक टेबल, कंपनीचं कॅलेंडर, मेगर, टोंग टेस्टर ही वीज तपासायची यंत्रं. वाइंडिंगची तार मात्र वीतभरसुद्धा नव्हती. जळालेल्या मोटरी मागच्या दारानं ऑटोत चढत आणि ढाणकीला जलालकडे जात. भरून आल्या की त्यांच्यावर कंपनीचं स्टिकर लागे आणि त्या पुढच्या दारानं बाहेर पडत. हे नाहिदला ठाऊक होतं, नयनभाऊला ठाऊक होतं की तिला ठाऊक आहे, आणि त्यावर कोणी काही बोलायचं नाही हेही ठरल्यासारखंच होतं.

पहिल्या दिवशी तिनं मोटरीचं झाकण खोलायला पाना हातात घेतला.

"अरे अरे, ठेव ते!" नयनभाऊ धावत आले. "तू कायले हात काळे करतं? कार्ड लिव्ह, फोन उचल. कॉलेजची पोट्टी हायेस तू."

मग ती कार्ड लिहू लागली. शेतकऱ्याचं नाव, गाव, मोटर किती एचपीची, तक्रार काय. प्रत्येक मोटरीला नंबराचा बिल्ला बांधायचा, कारण कंपनीत नाव चालत नाही, नंबर चालतो. येणारा माणूस तिच्याकडे बघून विचारी, "साहेब कुठं गेले?" चहा आला की कप तिनंच गोळा करायचे. संडास नव्हता, त्यासाठी दोन गल्ल्या ओलांडून सरकारी दवाखान्यात जावं लागे. कॉलेजनं दिलेल्या डायरीत रोज संध्याकाळी एक ओळ लिहायची आणि नयनभाऊची सही घ्यायची. ओळ नयनभाऊच सांगत : "लिव्ह, वाइंडिंगच्या कामाचे निरीक्षण केले."

निरीक्षण! पहाटे पाच वाजता उठून तिनं दीडशे वेळा तार ओढलेली असे. पाणबुडी मोटरीची तार एकेक फेरा करून हातानंच ओवावी लागते. स्टेटरच्या, म्हणजे मोटरीच्या आतून खाचा असलेल्या पोकळ नळ्याच्या, एका तोंडाशी ती, दुसऱ्या तोंडाशी अम्मी. ही तार आत सारणार, ती ओढून घेऊन दुसऱ्या खाचेतून परत देणार. थंडीत प्लास्टिक चढवलेली तार ताठ होते. खाचेची धार बोटाच्या पेऱ्यांना लागते, रोज त्याच जागी. साडेआठला हात धुऊन, बोटांना चिकटपट्टी लावून ती उमरखेडची एसटी पकडे.

"बोटाले काय झालं?" एकदा नयनभाऊंनी विचारलं.

"भाजी चिरताना कापलं."

"जपून चिरत जा."

आत टेबलाच्या वरती कंपनीचा चार्ट लावला होता. कुठल्या मोटरीला किती फेरे, किती जाडीची तार, सगळं छापील. जलालकडे असा चार्ट नव्हता. ते जळालेली मोटर आली की जुनी तार कापण्याआधी एका खाचेतले फेरे मोजत, मगच हात लावत. पन्नास मोटरी असोत की पाऊस असो, मोजल्याशिवाय छिन्नी नाही. नाहिदला त्या चार्टाचं फार कौतुक वाटलं. चौदा दिवसांत तिथं शिकण्यासारखं तेवढंच होतं. तिनं मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून घेतला.

सहाव्या दिवशी तांड्यावरचे देवसिंग मोटर घेऊन आले. साडेसात एचपीची, पूर्ण जळालेली. नाहिदनं कार्ड लिहिलं, बिल्ला बांधला, दोनशे अठरा. संध्याकाळी ती घरी पोहोचली तेव्हा दोनशे अठरा दुकानात येऊन पडली होती, आणि तिच्या आधीच्या तीन मोटरी रांगेत होत्या.

"कोणाची हाय ही?" जलालनी पायरीवरून विचारलं.

"दोनशे अठरा नंबर," नाहिद म्हणाली. तिला तसं म्हणायला बरं वाटलं. सेंटरमध्ये तसंच म्हणतात.

छिन्नीचा आवाज आला तसे जलाल वळले. "मोजले का?"

"चार्ट हाय ना अब्बा! कंपनीचा. चव्वेचाळीस फेरे. मोजत बसलं तर सकाळची एसटी जाते माही."

 काळ्या चष्म्यातून जलाल रस्त्याकडे बघत राहिले. कापलेली जुनी तार भंगाराच्या ढिगात गेली, नव्या तारेचे चव्वेचाळीस फेरे पडले, आणि आठव्या दिवशी दोनशे अठरा स्टिकर लावून तांड्यावर परत गेली.

चौदाव्या दिवशी दुपारी देवसिंग ऑटोतून उतरले. ऑटोत मोटर होती. त्यांच्या उजव्या खांद्याची कातडी सोलली होती आणि सदरा त्या जागी चिकटला होता.

"सहा दिवस!" काचेचं दार उघडं टाकून ते म्हणाले. "सहा दिवसबी नाही चालली. आठ माणसं लावून बोअरमधी सोडली, आठ माणसं लावून काढली. गहू निसवला हाय माहा, ओंब्या निघाल्या. आता पाणी नाही भेटलं तं दाणा भरते का?"

"दादा, मोटरचा दोष नाही," नयनभाऊ बसूनच म्हणाले. "तुमच्या तांड्यावर व्होल्टेज कमी हाय."

"व्होल्टेज त माह्या बापाच्या टायमापासून कमी हाय! चार साल चालली ना हीच मोटर. तेव्हा काहून नाही जळली?"

नाहिदला आत्ता गाव आठवलं. तलावाकडचा तांडा. तिथं संध्याकाळी बल्बसुद्धा पिवळा जळतो. अशा ठिकाणच्या मोटरीला अब्बा फेरे कमी टाकतात आणि तार जाड घेतात, म्हणजे पडल्या व्होल्टेजवरही ती दम धरते. हे तिनं कितीदा पाहिलं होतं. चार वर्षांपूर्वी ती मोटर अब्बांनीच भरली असणार. मोजले असते तर कमी फेरे तिथं दिसलेच असते. कोणाची मोटर आहे हे सांगितलं असतं तरी अब्बा ओरडले असते. तिनं नंबर सांगितला.

"नाहिद, आत ये जरा," नयनभाऊ उठले.

आतल्या खोलीत टेबलावर तिचा दाखला होता. छापलेला, सही केलेला. एकशे वीस तास, वर्तन उत्तम. शिक्क्याची डबी उघडी होती.

"डायरीतली आजची सही झाली, घे. उद्या नाही आली तरी चालते. पंधरा दिवस पुरे लिव्हले मी," नयनभाऊ हळू आवाजात म्हणाले. "बाहेर जा, त्याच्या कार्डावर कारण लिव्ह, व्होल्टेज कमी. खाली त्याची सही घे. मग येऊन शिक्का मारून घेऊन जा."

"भाऊ, फेरे जास्त पडले. तांड्याले कमी पाह्यजे होते."

"म्हणजे तुह्या बापाची चूक. मग त अजूनच गप बस. भरण्याची चूक लिव्हली तर मले फुकट भरून द्या लागते, आन तुह्या बापाले मोटरी देणं बंद करा लागते. हे पाह्यजे का तुले?" ते थांबले. "आन व्होल्टेज कमी हाय, हे खोटं हाय का? सांग."

खोटं नव्हतं. तिला राग आला तो त्याचाच. सरळ खोटं लिहायला सांगितलं असतं तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

ती बाहेर आली. दोनशे अठराचं कार्ड काढलं, ते तिच्याच अक्षरातलं होतं. देवसिंग टेबलाला टेकून उभे होते, त्यांच्या अंगाला ओल्या मातीचा आणि ग्रीसचा वास येत होता. कारखान्याच्या यादीत आपलं नाव कसं दिसेल ते तिच्या डोळ्यांसमोर आलं. तिनं लिहिलं : व्होल्टेज कमी. पेन उचललं. दाखला दहा पावलांवर होता. तिनं पेन पुन्हा टेकवलं आणि ओळ पुरी केली.

"काय लिव्हलं? वाचून दाखव," देवसिंग म्हणाले. "मले चष्मा नाही."

"व्होल्टेज कमी, हे माहीत असून फेरे जास्त टाकले," तिनं वाचलं.  "जुने फेरे मोजले नाहीत. चूक मोटर भरणारीची. नाहिद जलाल, ढाणकी."

"तू? तू भरली?"

"हो."

तो माणूस शाबासकी देईल असं तिला वाटलं नव्हतं, पण असल्या बोलण्याचीही तयारी नव्हती. "छोरी, माहा गहू वाळून राह्यला आन तू त्याच्यावर शिकून राह्यली का?"

 खरंच तर होतं.

नयनभाऊंनी कार्ड हातात घेऊन वाचलं. मग वर बघून विचारलं, "जलाल काय करते मग?"

"डोळ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून मीच भरते."

"माह्या बोर्डाखाली?" त्यांचा चेहरा लाल झाला होता. "चौदा दिवस इथं पंख्याखाली बसली, चहा पेली, आन जाताना बोर्डाले डाग लावला. पंधरावा दिवस राह्यला ना तुहा? मग दाखलाबी राह्यला." ते आत गेले, टेबलाचा खण ओढल्याचा आणि बंद केल्याचा आवाज आला.

त्याच ऑटोतून ती, देवसिंग आणि मोटर ढाणकीला आली. मोटर दोघांच्या पायांत आडवी होती. 

जलालनी सगळं ऐकून घेतलं. अकीला दारात हात पुसत उभी होती.

"तांड्याची होती?" जलाल म्हणाले. "मी विचारलं होतं कोणाची. मी विचारलं होतं मोजले का."

"माहीत हाय मले!" नाहिद ओरडली. हातातली पक्कड तिनं भिंतीवर फेकली. "माहीत हाय! चार्ट चुकीचा नाही, तुमी चुकीचे नाही, नयनभाऊबी चुकीचे नाही. मीच एकटी चुकली. झालं समाधान?"

"ओरडू नको, गिऱ्हाईक उभं हाय," अकीला म्हणाली.

जलालनी चाचपडत पक्कड उचलली. "नयनच्या मोटरी गेल्या आता," ते कोणाला तरी सांगावं तसं म्हणाले. मग देवसिंगकडे तोंड केलं. "दादा, परसो सकाळी पाणी पडन तुमच्या वावरात. तार माही. नाहिद, टोंग टेस्टर घे आन तांड्यावर जा. अंधार पडायच्या आत व्होल्टेज पाहून ये. सगळ्यायच्या मोटरी चालू असताना पाह्यजो."

ती अम्मीला घेऊन गेली. देवसिंगच्या बोअरवर मोटर वर ओढायची चैनकुप्पीची तिपाई अजून उभी होती. गव्हाच्या ओंब्या हिरव्या होत्या, पण खालची जमीन तडकलेली. ती स्टार्टरचं झाकण उघडून बसली. शेजारच्या सगळ्या मोटरी घरघरत होत्या. काटा तीनशे चाळीसवर थांबला. पुस्तकात चारशे पंधरा असतं.

घरी येऊन तिनं वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. चव्वेचाळीस गुणिले तीनशे चाळीस, भागिले चारशे पंधरा. "किती आले, अब्बा?" तिनं पान झाकून विचारलं. एवढं झाल्यावरही तिला त्यांची परीक्षा घ्यावीशी वाटली.

"तीनशे चाळीस ना? छत्तीस टाक," जलाल म्हणाले.

वहीत छत्तीसच आले होते. तिनं पान उघडं केलं नाही, पण हसू आवरलं नाही आणि मग रडूही.

पंधराव्या दिवशी ती उमरखेडला गेली नाही. सकाळी दहाला जळालेली तार काढून स्टेटर पुसून झाला. एका तोंडाशी ती बसली, दुसऱ्या तोंडाशी अकीला. जलाल पायरीवरून उठून आत आले, स्टुलावर बसले आणि हात गुडघ्यावर ठेवून म्हणाले, "मी मोजतो. तुमी ओढा."

"एक," जलाल म्हणाले. तार सरकली. "दो."

जाड तार ओढायला जास्त जोर लागतो. दुसऱ्या खाचेलाच चिकटपट्टी सुटली आणि तारेवर रक्ताचा पातळ माग उमटू लागला. अकीलानं फडका भिरकावला, तिनं बोट गुंडाळलं. बारा वाजता तिचा फोन वाजला. अम्मीनं तो तिच्या कानाला धरला. घनश्याम सर होते.

"नाहिद, यादी आज पाच वाजता जाते आहे. दाखला कुठंय?"

"नाही भेटला, सर."

"अगं, चौदा दिवस तर गेलीस ना? एकशे बारा तासांचा तरी आण. मी वर बोलून पाहतो."

"ते काहीच देत नाहीत, सर."

"काय झालं तिथं?"

काय झालं ते सांगायला अर्धा तास लागला असता. आणि सरांनी ऐकून घेऊनही दाखलाच मागितला असता. "सर, अब्बाच्या दुकानाचा खरंच चालत नाही का?"

 वाईट माणूस नव्हता तो. "नियम माझा नाही ग. मग नाव काढू?"

तिचा एक हात स्टेटरमध्ये मनगटापर्यंत होता. "काढा," ती म्हणाली. अम्मीनं फोन खाली ठेवला.  एकशे बारा तास कार्ड लिहून, कप उचलून, निरीक्षण करून वाया गेले होते, आणि पुढच्या वर्षापर्यंत कारखाना काही परत येत नव्हता. तिला इतका राग आला होता की तार तुटेल असं वाटून तिनं हात सैल केला.

"बावीसवर थांबलो होतो," जलाल म्हणाले. "तेवीस."

सहाला मोटर भरून झाली, झाकण बसलं. देवसिंग ऑटो घेऊन आले, खांद्यावर हळद लावलेली. त्यांनी मोटर चढवली, नाहिदकडे एकदा बघितलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्यांचा फोन आला. मागून पाण्याचा आवाज येत होता.

"पडून राह्यलं पाणी," ते म्हणाले. "मोटर गरम नाही. तुह्या बापाले सांग." फोन बंद झाला.

नाहिदनं दप्तरातून कॉलेजची डायरी काढली. चौदा ओळी, चौदा सह्या, चौदा वेळा निरीक्षण. पंधरावं पान कोरं होतं. तिनं लिहिलं : सकाळी दहा ते सायंकाळी सहा. साडेसात एचपी पाणबुडी मोटर भरली. व्होल्टेज जागेवर जाऊन मोजले, तीनशे चाळीस. फेरे छत्तीस. मोटर चालू. शेवटच्या रकान्यात छापलेलं होतं, काम शिकवणाऱ्याची सही. ती पायरीवर अब्बांशेजारी जाऊन बसली, पेन त्यांच्या हातात दिलं आणि त्यांचं बोट त्या रकान्यावर ठेवलं.

"इथं सही करा."

जलालनी चष्मा कपाळावर सारला, दुखऱ्या डोळ्यानं पाहायचा प्रयत्न केला, मग चष्मा परत खाली घेऊन अंदाजानं सही केली. ती रकान्याबाहेर गेली, पार खालच्या ओळीपर्यंत.

"कॉलेजले चालते का हे?"

"नाही चालत."

"मग कायले घेतली?"

नाहिदनं शाई वाळेपर्यंत पान हातानं उघडं धरून ठेवलं.

"एकशे वीस पुरे झाले, अब्बा," ती म्हणाली.